शेवाळातून तेल : एक एकर तळे आणि रोजचा एक डबा

खोपोलीला भंगाराचा धंदा करणारे आमचे एक स्नेही मध्यंतरी एक जाडजूड फाईल काखेत घेऊन आमच्याकडे आले. "भाई, एवढा कागद जरा वाचून बघा. घरचे सगळे हो म्हणतात, माझंच मन घेत नाही," असे म्हणून त्यांनी ती आमच्यापुढे ठेवली. फाईलच्या मुखपृष्ठावर हिरव्यागार तळ्याचे रंगीत चित्र होते. आत लिहिले होते की, तळ्यात सूक्ष्म शैवाल वाढवावे, ते सुकवून बंद भट्टीत तापवावे, वाफेवर उत्प्रेरकाचा प्रयोग करावा आणि निघणारे तेल कारखान्यांना विकावे. एकरी रोज ६५ लिटर तेल, असा आकडा ठळक अक्षरात छापला होता.

आमच्या स्नेह्यांची कर्जत तालुक्यात दीड एकर जमीन आहे. तिघा भावांची, सामाईक, वडिलांच्या मागे राहिलेली. बेत असा होता की, अर्धा एकर विकायचा, त्या पैशांत यंत्र घ्यायचे आणि उरलेल्या एकरात तळे खोदायचे. कर्जत-खालापूर पट्ट्यात जमिनीला आज काय भाव आला आहे हे आम्ही सांगायला नको. विकलेली जमीन पुन्हा घेता येत नाही, हेही सांगायला नको. यंत्र पुरवणाऱ्याला बयाणा देणे तेवढे बाकी होते.

अशा फाईली आणखीही काही हातांत फिरत असाव्यात असा आमचा कयास आहे. म्हणून त्या फाईलीच्या निमित्ताने हा सारा प्रकार काय आहे, त्यात खरे किती आणि आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या उपयोगाचे किती, ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, शेवाळातून तेल निघते ही थाप नाही. ज्या क्रियेला इंग्रजीत पायरोलिसिस म्हणतात ती कर्जत-खालापूरच्या माणसाला नवी नाही. या डोंगरपट्ट्यातील कातकरी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्या लावल्या. लाकूड रचायचे, वरून पाला-माती लिंपायची, आत हवा जाऊ द्यायची नाही आणि धुमसत ठेवायचे. हवा न मिळाल्याने लाकूड जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. पायरोलिसिस म्हणजे हेच. फरक इतकाच की, भट्टीत जो पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर आभाळात सोडून दिला जात असे, तोच येथे नळीतून नेऊन थंड करतात. थंड झालेल्या धुराचे तेल होते. अत्तराच्या व्यापाऱ्यांना देग आणि भपका ठाऊक आहे. देगेत फुले, भपक्यात अर्क. येथे देगेत शेवाळ आणि तापमान ४०० ते ५५० अंश सेल्सिअस. तेलाखेरीज तळाशी कोळशासारखी भुकटी उरते आणि न थिजणारा वायू निघतो. तो वायू तीच भट्टी तापवायला वापरतात.

जुन्या टायरचे तेल काढणाऱ्या भट्ट्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पालघर जिल्ह्यात वाड्याकडे हा धंदा बराच फोफावला. यंत्र त्याच जातीचे. या भट्ट्यांविषयी २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रकरण गेले, तेव्हा देशातील १९ राज्यांत ६३७ भट्ट्यांची नोंद समोर आली. त्यांपैकी २७० नियम पाळत नव्हत्या आणि ११६ बंद होत्या. पुढे २०२२ च्या नियमांनी तेल काढण्यासाठी परदेशातून जुने टायर आणण्यास मनाई झाली. भट्ट्या बनवणाऱ्यांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक हवे असणे स्वाभाविक आहे. कालपर्यंत टायरचे म्हणून विकले जाणारे यंत्र आज शेवाळाचे म्हणून दाखवले जात असेल तर त्यात आम्हाला आश्चर्य वाटणार नाही.

आता उत्प्रेरकाकडे वळू, कारण फाईलीत सर्वांत जास्त मोठेपणा त्याचाच सांगितला होता. नुसत्या भट्टीतून निघालेले जैव-तेल हे डिझेलसारखे नसते. ते काळपट, उग्र वासाचे आणि पाणी धरून ठेवणारे असते. त्याच्या रेणूंत प्राणवायू अडकलेला असतो. असे तेल कमी उष्णता देते, ठेवले की घट्ट होत जाते आणि लाकडाचे असेल तर इतके आंबट असते की साधे लोखंड खाऊन टाकते. हा प्राणवायू काढून टाकण्यासाठी गरम वाफ एका खास दगडी भुकटीवरून नेतात. तिला झिओलाईट म्हणतात. त्यातील झेडएसएम-५ ही जात मोबिल या अमेरिकन तेल कंपनीची. १९७२ मध्ये तिचे पेटंट झाले. ही भुकटी म्हणजे एक अतिसूक्ष्म चाळण समजा. भोके इतकी लहान की एका मिलिमीटरमध्ये अशी जवळजवळ वीस लाख भोके ओळीने बसावीत. भोकांच्या आत आम्लाचे कण असतात. वाफेतील मोठे रेणू तेथे तुटतात, प्राणवायू पाणी आणि कर्बवायूच्या रूपाने सुटा होतो आणि उरलेला भाग पेट्रोलच्या जातीचा होतो.

या विद्येत आपला महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच घराण्यातील झिओलाईट तयार केले आणि ऐंशीच्या दशकात ते बडोद्याच्या आयपीसीएलच्या कारखान्यात प्रत्यक्ष वापरात आले. परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीत हे मोठे काम होते. तेव्हा उत्प्रेरक ही जादूची पूड नाही. ती एक मोजूनमापून बनवलेली, महाग आणि नाजूक वस्तू आहे.

शेवाळावर तिचा परिणाम होतो का? होतो. चिनी शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळाचा तेल काढून उरलेला चोथा घेतला. नुसत्या भट्टीतील तेलात ३०.१ टक्के प्राणवायू होता आणि उष्णता किलोला सुमारे ५,९०० किलोकॅलरी. झेडएसएम-५ जातीचा उत्प्रेरक वापरल्यावर प्राणवायू १९.५ टक्क्यांवर आला आणि उष्णता ७,८०० किलोकॅलरींवर गेली. बॉयलरवाल्यांना ठाऊक आहे की फर्नेस ऑईल किलोला सुमारे १०,००० किलोकॅलरी देते. म्हणजे जवळ पोहोचले, पण बरोबरीला आले नाही.

यातही एक मेख आहे, जी फाईलीत नव्हती. लाकडात नत्र नाममात्र असते. शेवाळ मात्र प्रथिनांनी भरलेले असते. काही जातींत निम्मे वजन प्रथिनांचे. प्रथिनांतला नत्र तेलात उतरतो. असे तेल जाळले की धुरातून नायट्रोजनचे घातक वायू निघतात. शिवाय नत्राची संयुगे उत्प्रेरकाच्या आम्लकणांना जाऊन चिकटतात आणि त्यांना निकामी करतात. भोकांत काजळीही बसते. ती हवेत जाळून साफ करावी लागते; प्रत्येक सफाईत उत्प्रेरकाचे आयुष्य थोडे घटते. उत्प्रेरकाची किंमत विचारणारे पुष्कळ असतात. तो किती फेऱ्या टिकतो हे विचारणारा आम्ही अजून पाहिलेला नाही.

पण खरे नुकसान भट्टीत होत नाही. ते भट्टीच्या आधी, पाण्यात होते. ही गोष्ट आम्ही थोडी सविस्तर सांगतो, कारण सारा हिशेब इथेच फिरतो.

आमच्या स्नेह्यांचे एक एकर घ्या. ४,०४७ चौरस मीटर. शेवाळाची उघडी तळी उथळ ठेवावी लागतात, वीस ते तीस सेंटिमीटर खोल, नाहीतर खालपर्यंत ऊन जात नाही. पाव मीटर धरले तर तळ्यात दहा लाख लिटर पाणी बसेल. उघड्या तळ्यात चांगली निगा राखली तर चौरस मीटरमागे रोज १५ ग्रॅम कोरडे शेवाळ मिळते असे धरू. हा आकडा आम्ही कंजूषपणाने घेतलेला नाही. नवख्या माणसाला इतकेही साधणे कठीण. म्हणजे एकरातून रोज ६० किलो.

हे ६० किलो असते कुठे? पाण्यात विरघळल्यासारखे पसरलेले. लिटरमागे अर्धा ग्रॅम. ते गोळा करायला रोज १ लाख २० हजार लिटर पाणी उपसायचे, गाळायचे, फिरकी यंत्रात घुसळायचे. इतके करून हाती येतो तो ३०० किलोंचा हिरवा चिखल. त्यात शेवाळ ६० किलो, पाणी २४० किलो. भट्टीला कोरडा माल लागतो. ओला टाकला तर भट्टीची सारी आग पाणी उकळण्यातच जाते आणि भपक्यात तेलाऐवजी पाणी उतरते.

आता २४० किलो पाणी उडवायचे. किलोला ६२० किलोकॅलरी धरा. जवळजवळ दीड लाख किलोकॅलरी झाली. ही फक्त पाण्याची. सुकवणीयंत्रातून जी उष्णता वाया जाते ती धरली तर अडीच लाखांच्या घरात जाते. बदल्यात तेल किती? वजनाच्या ३० टक्के उदारपणे धरू, म्हणजे १८ किलो. उत्प्रेरकाने तेल सुधारते पण कमीही होते, ते आम्ही वजा केलेले नाही. किलोला ७,८०० प्रमाणे १ लाख ४० हजार किलोकॅलरी. म्हणजे जितकी उष्णता तेलातून विकायची, त्याहून अधिक उष्णता माल सुकवायलाच खर्च झाली! उरलेली भुकटी आणि वायू जाळून काही भागवता येते हे खरे, परंतु तीच उष्णता भट्टी तापवायलाही हवी असते.

यावर आमच्या स्नेह्यांनी लगेच विचारले, "मग उन्हात वाळवलं तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. कोकणात बोंबील उन्हातच वाळतात, पापडही. नोव्हेंबर ते मे कर्जतचे ऊन कमी नाही. पातळ थर देऊन प्लास्टिकवर पसरले तर एका दिवसाचा माल शंभर-सव्वाशे चौरस मीटर जागेत मावेल. उष्णता फुकट मिळेल. पण हा चिखल प्रथिनांचा आहे. लवकर वाळला नाही तर सडतो आणि त्याचा वास शेजारच्या वस्तीला सांगायला जावे लागत नाही. रोज पसरायला, उलटायला, खरवडायला माणसे लागतात. आणि इतके सारे करून संध्याकाळी हाती काय? १८ किलो तेल, जे उष्णतेच्या मापाने फर्नेस ऑईलच्या १४ किलोंइतके भरते. किराणा दुकानात गोडेतेलाचा पंधरा किलोंचा डबा असतो, तो डोळ्यांपुढे आणा. एक एकर जमीन, उपसा पंप, रात्रंदिवस पाणी हलवत ठेवणारी चक्री, दोन-तीन मजूर, भट्टी, उत्प्रेरक, आणि दिवसाला एक डबा तेल. तेही पूर्ण भरलेला नव्हे.

मग ६५ लिटर कुठून आले? हे शोधताना आम्हाला बरीच मौज वाटली. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील युसूफ चिस्ती यांचा २००७ सालचा एक लेख या विषयात फार गाजला. त्यात निरनिराळ्या पिकांचे हेक्टरी तेल दिले होते. सोयाबीन ४४६ लिटर, पाम ५,९५० लिटर आणि सूक्ष्म शैवाल, वजनात ३० टक्के तेल धरून, ५८,७०० लिटर. हा शेवटचा आकडा एकरात आणा आणि ३६५ ने भागा. बरोबर ६५ येतात. मात्र चिस्ती यांनी तो आकडा पारदर्शक नळ्यांच्या बंदिस्त यंत्रात मिळालेल्या उत्पादनावरून काढला होता, उघड्या तळ्यावरून नव्हे. फाईल बनवणाऱ्याने नळ्यांचे उत्पन्न घेतले, खर्च मात्र खड्ड्याचा लावला, आणि पावसाळ्याचे चार महिनेही उन्हाळ्यात जमा केले.

पावसाळ्याचे तर विचारूच नका. कर्जतला वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस पडतो. वर माथेरानला त्याहूनही जास्त. पाव मीटर खोलीचे तळे आणि त्यावर तीन मीटर पाणी! चार महिन्यांत तळे बारा वेळा भरून वाहील. शेवाळ, खत सारे ओढ्यातून उल्हास नदीला. खालापूरच्या बाजूला पाताळगंगा आहे. जुलै १९८९ च्या पुरात तिने रिलायन्सचा पाताळगंगेचा अख्खा कारखाना पाण्याखाली घातला होता, ही गोष्ट त्या भागातील जुन्या कामगारांना अजून आठवते. जिथे पॉलिएस्टरची अवजड यंत्रे बुडाली तिथे मातीच्या बांधाच्या तळ्याचे काय सांगावे?

न्यायाने बोलायचे तर या भागाला एक देणगीही आहे. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी वीज करून खाली उतरते, म्हणून पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असते आणि भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा कर्जतच्या शेतांत उन्हाळी भात पिकवतो. ऊन आहे, पाणी आहे. नोव्हेंबर ते मे शेवाळ येथे उत्तम वाढेल. पण मग ते पाणी आणि ती जमीन भाताकडून काढून घ्यायची, हा हिशेबही मांडावा लागेल.

रिलायन्सचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. खालापूर तालुक्यात १९८२ पासून कारखाना असलेल्या या कंपनीला शेवाळाच्या तेलात रस नाही असे नाही. पण तिने प्रयोग मांडले ते गुजरातेत, जामनगरला. तेथे पाऊस इथल्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका आणि समुद्राचे खारे पाणी दाराशी. २०१५ साली अल्जेनॉल या अमेरिकन कंपनीबरोबर तेथे प्रात्यक्षिक सुरू झाले. दुसरे यंत्र जेनिफ्युएल या अमेरिकन कंपनीने पुरवले, आणि लक्ष देण्यासारखी बाब अशी की, ते कोरड्या भट्टीचे नव्हतेच. ओले शेवाळ तसेच घेऊन सुमारे ३५० अंश उष्णतेत आणि हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाबाखाली त्याचे तेल करण्याचे ते तंत्र आहे. सुकवण्याचा खर्च टाळण्यासाठीच ते निघाले. घरच्या कुकरमध्ये दाब हवेच्या दुपटीएवढा असतो, त्याची शिट्टी उडाली तर काय होते हे आपण जाणतो. दोनशे पट दाबाचे भांडे गाळ्यात बनवायची वस्तू नव्हे.

परदेशातील अनुभवही पाहा. अमेरिकन सरकारने १९७८ पासून १९९६ पर्यंत शेवाळाच्या इंधनावर संशोधन चालवले आणि ते महाग पडते म्हणून गुंडाळले. एक्झॉन या बलाढ्य तेल कंपनीने २००९ साली पुन्हा सुरुवात केली आणि तेरा-चौदा वर्षांनी अंग काढून घेतले. २०१६ च्या एका अमेरिकन सरकारी अहवालात पाच हजार एकर तळी आणि चौरस मीटरमागे २५ ग्रॅम उत्पन्न गृहीत धरूनही शेवाळाची किंमत टनाला सुमारे ५०० डॉलर निघाली. डॉलर ८५ रुपये धरला तर किलोला ४५ रुपयांच्या आसपास. त्या भावाने आपल्या ६० किलोंचे रोजचे २,७०० रुपये झाले, आणि त्यातून १४ किलो फर्नेस ऑईलएवढी उष्णता. किलोला १९० रुपयांच्या वर नुसता कच्चा माल. भट्टी, उत्प्रेरक, मजुरी निराळी. पाच हजार एकराची स्वस्ताई आपल्या एका एकरात येणार नाही ते सोडाच. खोपोलीच्या कारखानदारांनी आपल्या शेवटच्या फर्नेस ऑईलच्या बिलाशी हा भाव ताडून पाहावा.

उत्प्रेरकाच्या भट्टीचा सर्वांत मोठा धडा किऑर या कंपनीचा आहे. पुण्यात जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले विनोद खोसला हे तिचे मुख्य पाठीराखे. माल शेवाळ नव्हे, लाकूड. पण कृती हीच, उत्प्रेरक वापरून पायरोलिसिस. मिसिसिपी राज्याने साडेसात कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. कोलंबस गावी कारखाना उभा राहिला. टनाला ६७ गॅलन तेल निघेल असे गुंतवणूकदारांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात तितके निघेना. २०१४ च्या आरंभी कारखाना बंद पडला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. उताऱ्याच्या आकड्यामागची गृहीते गुंतवणूकदारांपासून लपवली म्हणून पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने कारवाईही केली. उतारा! सोनाराला विचारा, तेलघाण्याला विचारा, धंदा उताऱ्यावर चालतो. कोट्यवधी डॉलरवाल्यांना तो मोजून पाहण्याची गरज वाटली नाही.

तर मग आपल्या लोकांनी या विषयाकडे पाठ फिरवावी काय? आमचे तसे मत नाही. शेवाळ जाळण्याऐवजी शेवाळ म्हणूनच विकणारे लोक आहेत. स्पिरुलिनाची भुकटी खाण्यासाठी किलोला शेकडो रुपयांनी जाते, कारण तिच्यात साठ-सत्तर टक्के प्रथिने असतात. जी वस्तू औषधाच्या दुकानात शेकडो रुपये किलोने खपते ती भट्टीत घालून तेलाच्या भावात विकणे म्हणजे चंदनाचा कोळसा करणे. अर्थात यातही अन्नसुरक्षेचा परवाना, स्वच्छ पाणी, तपासणी आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक शोधणे हे सारे आलेच. गिऱ्हाईक आधी पाहावे, तळे मागून खोदावे. भातशेतीत नीलहरित शेवाळ हवेतला नत्र जमिनीत आणते, हे तर आपल्या शास्त्रज्ञांना १९३९ पासून माहीत आहे. कर्जतला भाताचे मोठे संशोधन केंद्र आहे, कर्जत-३ सारख्या जाती तेथूनच निघाल्या. ज्यांना शेवाळाचेच काही करायचे आहे त्यांनी आधी त्या दारात जाऊन सल्ला घ्यावा. सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

भट्टीच हवी असेल तर माल कोरडा शोधावा. भातगिरणीतला तूस हा आयता वाळलेला असतो. वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा तो भातातून निघतो. त्याची कांडी दाबून पांढरा कोळसा म्हणून बॉयलरला विकणे हा साधा, चालता धंदा आहे. त्यात उत्प्रेरक लागत नाही आणि स्फोटही होत नाही.

खोपोलीच्या फॅब्रिकेशनवाल्या कारागिरांना मात्र आम्ही वेगळे सांगू. महाविद्यालये, प्रयोगशाळा आणि कारखाने यांना लहान प्रयोगाच्या भट्ट्या, भपके, थंडावा देणाऱ्या नळ्या लागतात. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या नकाशावर यंत्र बनवून देण्यात हुनराला दाम मिळतो आणि उताऱ्याची जोखीम आपल्यावर येत नाही. पण काम नीट समजून घ्यावे. जैव-तेल साध्या लोखंडाला खाते, तेव्हा भपका आणि नळ्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. तापलेल्या भट्टीत हवा शिरली की आतल्या वायूचा भडका होतो; सुरू करण्यापूर्वी आतली हवा नायट्रोजनने काढून टाकावी लागते. आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. आतला तापलेला कोळसा हवा लागताच पेट घेतो. टायरच्या भट्ट्यांवर कामगार भाजले जातात ते बहुधा याच घाईपायी, दिवसात एक घाण जास्त काढावी म्हणून. सुटणारा कार्बन मोनॉक्साईड तर वासावरून कळतही नाही.

कागदपत्रांबाबत फाईलीत एवढेच होते की, हा हरित उद्योग असल्याने परवानगीची अडचण नाही. हे चूक आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उभारणीपूर्वी एकदा आणि चालू करण्यापूर्वी पुन्हा लागते. शेतजमिनीवर कारखाना म्हटला की बिनशेतीचा प्रश्न आला. ज्वलनशील तेलाचा साठा ठरावीक मर्यादेपुढे गेला की पेसोचा परवाना आला. आणखी एक बारीक गोष्ट. शेवाळाला नत्र हवा, टनामागे पावणेदोनशे किलो युरिया सहज लागेल. फाईलीत तो सोसायटीतल्या गोणीच्या भावाने धरला होता. शेतीचा अनुदानित युरिया कारखान्याला वापरणे हा गुन्हा आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

शेवटच्या पानावर लिहिले होते की, पूर्ण यंत्र घेणे जमत नसेल तर रक्कम गुंतवा, दरमहा ठरलेले टक्के घरपोच मिळतील. धंदा चालो न चालो, टक्के ठरलेले! याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचक जाणतातच. आणि व्यवहाराच्या नजरेने पाहिले तरी ज्याच्या धंद्यात खरी कमाई आहे तो नफ्या-तोट्यात भागीदार घेतो, टक्क्यांचे आमिष दाखवत नाही.

आम्ही हा सगळा हिशेब दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर मांडून आमच्या स्नेह्यांना दिला. त्यांचे धाकटे भाऊ त्यावर समाधानी नव्हते. "तुमचे आकडे पुस्तकातले, त्यांचे मशीन समोर उभे आहे," असे त्यांचे म्हणणे. हेही खोटे नाही. म्हणून असे ठरले की, पुरवठादाराकडे प्रात्यक्षिक मागावे. तळ्यातले ओले शेवाळ आम्ही आणू, ते आमच्यासमोर तोलायचे, सुकवायला लागलेले सरपण तोलायचे, विजेचे मीटर आधी आणि नंतर वाचायचे, निघालेले तेल तोलायचे आणि त्यातला एक लिटर सीलबंद करून उष्णता, पाणी आणि नत्र तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत द्यायचा. तपासणीचा खर्च आमचे स्नेही करणार.

पुरवठादाराचा निरोप मागच्या आठवड्यात आला. प्रात्यक्षिक अवश्य दाखवू, मात्र ते टायरवर दाखवू, शेवाळाचे यंत्र बसल्यानंतर पाहता येईल, असे त्यांनी कळवले आहे. बयाणा अजून दिलेला नाही.